रेघेपर्यंत कुरतडलेली झालर

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको. मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बायकोबरोबर देवळात जातो, पण बहुतेक वेळा बाहेर चपला सांभाळत उभा राहतो. कुणाच्या अंगात आलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. माझं काम उद्यमनगरात, फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करायचं. म्हणजे लोखंडाचा जो पार्ट ओतायचा असतो त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आम्ही घडवतो, तो वाळूत दाबून साचा तयार होतो. नमुना सूतभर चुकला तर सगळं कास्टिंग भंगारात. अशा धंद्यात केस पांढरे झाले की माणूस प्रत्येक गोष्टीत माप शोधायला लागतो. ही एक गोष्ट मात्र मला अजून मापात बसवता आलेली नाही... म्हणून इथं लिहितोय.

आमचं घर मंगळवार पेठेत. वाडा वगैरे नाही. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, रस्त्याकडं तोंड केलेली लाकडी गॅलरी आणि वर मंगलोरी कौलं. बघण्यासारखी एकच गोष्ट – झालर. कौलांच्या कडेला छपराच्या टोकाशी जी नक्षीची फळी लोंबते ना, ती. आजोबांनी हौसेनं सागवानाची करून घेतली होती. ओळीनं पानं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबावा तसा गोल. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. मी लाकडाच्या धंद्यात पडलो त्याचं कारण कदाचित तीच झालर असावी.

आता कडू भाग. माझे वडील शेवटची काही वर्षं अंथरुणावरच होते. त्यांचं अंग पुसण्यापासून सगळं मी आणि माझी बायको संगीता, आम्ही दोघांनी केलं. माझा थोरला भाऊ विलासदादा तेव्हा गडमुडशिंगीला राहायचा. दूध संघात सुपरवायझर होता. गडमुडशिंगी म्हणजे काही परदेश नाही, गाडीवर अर्धा तास. तरी तो सणावाराला यायचा, बाबांच्या उशाशी जरा वेळ बसून मोबाइल बघायचा आणि चहा घेऊन जायचा. बाबा डोळे उघडून 'विलास आला काय?' विचारायचे तेव्हा बहुतेक वेळा तो निघून गेलेला असायचा.

बाबा गेले. तेरावं झालं आणि दादा, मालनवहिनी सामानासकट राहायलाच आले. अर्धं घर त्याचं होतं, कायद्यानं. त्यात मी कधीच वाद घातला नाही. पण निदान तोंडानं काही बोलेल असं वाटलं होतं... की सुऱ्या, तुम्ही दोघांनी केलंत. एवढंच. तो बोलला नाही. मोजणीवाला आणून घराच्या बरोबर मधून रेघ मारून घेतली आणि विटांची भिंत उभी केली. गॅलरीचे दोन तुकडे झाले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एका घरात राहून आम्ही एकमेकांच्या घरचा कुकर ऐकायचो, पण समोर आलो की मान दुसरीकडं.

झालर तेवढी वाटणीतून सुटली. भिंत गॅलरीच्या काठाला संपत होती आणि झालर तिच्या बाहेर लोंबत होती. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिचाच घोळ आहे. वाटणीची रेघ दोन फळ्यांच्या सांध्यावर आली नव्हती. ती एका सलग फळीच्या पोटातून जात होती. खालून बघितलं तर कुठं माझं संपतं आणि कुठं दादाचं सुरू होतं, हे कुणालाही कळलं नसतं.

भिंत झाली त्याच वर्षी खारी लागल्या.

घरासमोर रस्त्याच्या कडेला उंबराचं झाड आहे. खारी त्याच्यावर आमच्या लहानपणापासून आहेत. झालरीवरून पळायच्या, कौलांवर उंबरं खात बसायच्या, लाकडाला कधी दात लावला नव्हता. आता रोज सकाळी पायरीवर लाकडाचा चुरा दिसायला लागला. वर बघितलं तर पानांची टोकं गायब. मग पानं अर्धी. मग वळचणीला, म्हणजे झालरीच्या मागं कौलांखाली जी पोकळी असते तिथं जायला त्यांनी फळीलाच भोक पाडलं.

मी म्हटलं, ठीक आहे, आपलं कामच आहे. शिडी लावली. आत पिल्लं नाहीत याची आधी खात्री केली, नाहीतर आत अडकून मरायची. वळचण साफ करून तिला बारीक जाळी ठोकली. कुरतडलेला भाग चौकोनी कापून काढला, जुन्या सागाचे तुकडे बेमालूम जोडले, पटाशीनं पानं कोरली, थेंब कोरले, अळशीचं तेल पाजलं. खालून कुणाला सांधा दिसला नसता. महिना जायच्या आत नवी पानं खाल्ली.

मग कडेला पत्र्याची पट्टी वाकवून बसवली. पट्टीच्या वरचं लाकूड खाल्लं. रंगात तिखट कालवलं – संगीता दोन दिवस शिंकत होती – खारी तिखटासकट खाऊन गेल्या. उंबराच्या घराकडं आलेल्या फांद्या छाटून घेतल्या. खारी विजेच्या वायरवरून यायला लागल्या.

आणि हे सगळं फक्त माझ्या बाजूला. दादाच्या अर्ध्या झालरीवर दाताची एक खूण नाही. तेच लाकूड, तेच तेल, तेच झाड. त्या मधल्या सलग फळीवर तर सरळ दिसायचं – माझ्याकडची पानं बोडकी, मग एका पानाचा अर्धा भाग खाल्लेला आणि उरलेला अर्धा कोरा करकरीत. मी ओळंबा सोडून बघितला. दोरी बरोबर भिंतीच्या मध्यावर आली. मोजणीवाल्यानं कागदावर मारलेली रेघ खारींना कुणी दाखवली होती?

वर्कशॉपमध्ये एक ओळखीचे प्राध्यापक यायचे, प्राणिशास्त्र शिकवणारे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "खारीचे दात आयुष्यभर वाढत असतात. झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. एकदा जागा ठरली की ती सोडत नाहीत."

"ते कळलं सर. पण शेजारचा अर्धा भाग का सोडतात?"

"पॉलिश वेगळं असेल."

"एकच आहे."

"मग ऊन, वारा... काहीतरी फरक असणार." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकदा येऊन बघतो." आले नाहीत. त्यांना तरी दोष कशाला द्यायचा.

गल्लीत चर्चा सुरू झाली होती. दादा त्याच्या गॅलरीत उभा राहून खालून जाणाऱ्याला मोठ्यानं सांगायचा, मला ऐकू जावं म्हणूनच, "एकाच अंगाला खात्यात बगा खारी. मुक्या जनावराला बी कळतंय की, कुणाचं घर खावं." लोक हसायचे. ज्या माणसाच्या बापाचं मी सगळं केलं, तो माणूस हे म्हणत होता. संगीता आत पोळ्या लाटताना रडली त्या दिवशी. मला तिची समजूत काढता आली नाही. माझ्या मनातही तेच येत होतं – आम्ही असं काय केलं?

अशी काही वर्षं गेली. एका रविवारी मी शिडीवर होतो. पुन्हा तीच पानं बसवत होतो. दादा त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. बरीच वर्षं न बोललेला माणूस एकदम म्हणाला, "लाकूड बोगस वापरतोयस. म्हणून खात्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जुनं आजोबांचं लाकूड बी खाल्लं की त्यांनी. ते बी बोगस व्हय?"

त्यानं त्याच्या बाजूच्या एका पानावरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, "असं कर. तुझी एक फळी मला दे. माझी खाल्लेली तुझ्याकडं लावतो. मग कळंल लाकडात खोट हाय का आणि कशात."

मला वाटलं शिव्या देईल. त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काढ," म्हणाला. "चिरली तर बग मात्र."

आणि तो खाली उतरून आला... माझी शिडी धरायला. मी वर त्याच्या फळीचे स्क्रू काढत होतो आणि खाली दादा शिडीला दोन्ही हात लावून उभा होता, लहानपणी पतंग काढायला मी चढायचो तेव्हा उभा राहायचा तसा. मालनवहिनी दारात आल्या. "ह्यो काय उद्योग काढलाय?" त्यांनी विचारलं. "आमच्या चांगल्या घराला ती खाल्लेली फळी कशाला?" दादा म्हणाला, "गप की. प्रयोग हाय."

त्याची कोरी फळी माझ्या बाजूला बसली, माझी उष्टी त्याच्या बाजूला. आठवडाभरात त्याच्या फळीची पानं माझ्या बाजूला खाल्ली गेली होती. माझी फळी त्याच्या बाजूला जशी लावली तशीच होती. नवा दात लागला नव्हता.

म्हणजे लाकडात खोट नव्हती. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मी जिंकलो होतो. पण दादाचा चेहरा बघून मी शिडी उचलून आत ठेवली. तो रोज सकाळी रस्त्यावर उभा राहून वर बघत बसायला लागला. गल्लीतल्या लोकांना ऐकवणं बंद झालं. एकदा त्यानं मला हाक मारून चहाला बोलावलं. त्याच्या बाजूला मी भिंत झाल्यावर पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. बाबांची वरची खोली त्याच्या वाट्याला गेली होती. तिथं आता दिवाण होता.

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. दादा बशीकडं बघत म्हणाला, "सुऱ्या, एक इचारू?"

"विचार की."

"बाबांचं तू केलंस. मी न्हवतो. मग खारींनी माझं घर खायाला पायजे का तुझं?"

मी कपातला चहा बशीत ओतला.

"कायतरी उलटं झालंय," तो म्हणाला. "खारींचं कायतरी चुकलंय."

बास. एवढंच. बाबांबद्दल तो आयुष्यात माझ्याशी जे काही बोलला ते एवढंच, आणि तेही खारींच्या आडून. मी चहा संपवला आणि उठलो. आता वाटतं थांबायला हवं होतं, पण तेव्हा त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. पुढच्या रविवारी दोघं मिळून सगळ्या झालरीला तेल पाजायचं, असं दारात ठरलं.

तो रविवार आला नाही. त्याआधीच एका सकाळी मधल्या भिंतीवर जोरजोरात थापा पडल्या. वहिनी भिंत बडवत होत्या. मी गेलो तर दादा दिवाणावर, घामानं भिजलेला, छातीवर हात. मी आणि शेजारच्या एकानं त्याला जिन्यावरून खाली आणलं, रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काही बोलला का, असं सगळे विचारतात. नाही बोलला.

पंचगंगेवरून रक्षाविसर्जन करून आम्ही घरी आलो, तेव्हा दादाच्या दारातल्या पायरीवर लाकडाचा चुरा पडला होता. माझ्या पायरीवर नव्हता. बरोबर चार पाहुणे होते, कुणाचं लक्ष गेलं नाही. मी वर बघितलं. दादाच्या बाजूची पहिली दोन पानं गेली होती, रेघेपासून पलीकडं. मधल्या फळीवरचं ते अर्धं राहिलेलं पानही आता पूर्ण संपलं होतं.

तेव्हापासून आजपर्यंत माझ्या बाजूला एकही दात लागलेला नाही. मी नवीन काही केलं नाही. जाळी तीच, पत्रा तोच.

मी कुणाला बोललो नव्हतो. पण वहिनींना दिसायचं ते दिसलं. तेराव्याला सगळे भाऊबंद जमले होते, जेवणं व्हायची होती. वहिनी दारात आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "भावजी, ती तुमची फळी काढा."

"वहिनी, कुठली?"

"तुमच्या घराची पीडा तुम्ही आमच्या दाराला लावलीत. ती लावली आणि माझा माणूस गेला. काढा ती."

आवाज चढला नव्हता त्यांचा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "वहिनी, दादानं स्वतः शिडी धरली होती. तुमच्या देखत."

"त्यांना काय म्हाईत तुमच्या मनात काय होतं?"

पाहुण्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. ज्यांनी बाबांच्या आजारपणात आमचं घर बघितलं होतं, ते पण नाही. मामा पायाच्या बोटांकडं बघत होते. मी शिडी आणली आणि तेराव्याचं जेवण थांबवून, सगळ्यांच्या नजरेसमोर ती फळी उतरवली. दादाची मूळ फळी परत लावतो म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "ती पण नको. तुमच्याकडं राहिलेली हाय ती. आणि परत आमच्या घराला हात लावू नका."

फळी काढली म्हणून खारी थांबल्या का? नाही. त्या जागी एक भगदाड राहिलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी त्या खात सुटल्या.

माझा पुतण्या अभिजित पुण्यात असतो. त्याला फोन केला. म्हटलं, मी येऊन करून देतो, आईला सांग, वळचणीला जाळी तरी मारू दे, नाहीतर पावसाचं पाणी वाशात मुरेल. तो म्हणाला, "काका, राहू द्या ना. आईला त्रास होतो तुमचा विषय निघाला की. आणि ते घर तसंही पाडायचंच आहे कधीतरी." चांगला मुलगा आहे. माझ्या खांद्यावर बसून रंकाळ्यावर भेळ खाल्लेला. फोन ठेवताना त्यानं 'काकूंना नमस्कार सांगा' म्हटलं, पण त्याआधी जे म्हणाला ते म्हणालाच.

तेव्हा आता माझा दिनक्रम असा. कामावरून येतो, गॅलरीत बसतो. खारी वायरवरून येतात, माझ्या झालरीवर उतरतात, तुरुतुरु चालत रेघेपर्यंत जातात आणि पलीकडं जाऊन दात लावतात. माझ्या हाताच्या अंतरावर. हात लांब करून हाकलता येईल, पण पलीकडं वहिनींची खिडकी आहे आणि मी हात लांब केलेला त्यांना दिसला तर ते पुन्हा भलतंच काही ठरेल. म्हणून आजोबांची झालर मी नुसती बघत बसतो. माझ्याकडं हत्यारं आहेत, जुनं सागवान आहे, ते पान मी डोळे मिटून कोरू शकतो.

गेल्या पावसात वहिनींच्या बाजूचा एक मोठा तुकडा सुटून रस्त्यात पडला. त्यावर तीन पानं शाबूत होती. मी खाली जाऊन तो उचलला, पंच्यानं पुसला आणि त्यांच्या दारात नेला. वहिनींनी दार अर्धं उघडलं.

"हे पडलं होतं," मी म्हटलं.

"ठेवा तिथं."

मी उंबऱ्याबाहेर ठेवला. म्हटलं, "वहिनी, एकदा तरी सांगा, तुम्हाला खरंच वाटतं मी काही केलं?"

त्या म्हणाल्या, "न्हाय तर मग का गेले ते?" आणि दार लावून घेतलं.

त्यांना एक कारण पाहिजे होतं आणि जवळच्या जवळ मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. मी कामावर निघालो होतो. वहिनी बाहेर आल्या, ओल्या कचऱ्याची बादली ओतली, सुक्याची पिशवी दिली आणि मागून तो झालरीचा तुकडा उचलून गाडीत टाकला. गाडीवाला म्हणाला, "मावशी, लाकूड चांगलं हाय की." वहिनी म्हणाल्या, "न्या की मग." त्यानं उलटंपालटं करून बघितलं आणि केबिनमध्ये पायापाशी ठेवला. मी माझ्या मोटरसायकलला किक मारून उभाच होतो. वहिनींनी माझ्याकडं बघितलं नाही.

प्राध्यापकांना मी मध्यंतरी पुन्हा फोन केला होता, सगळं सांगितलं. ते म्हणाले, योगायोग असेल, खारींचे टेरिटरीचे प्रकार असतात. असतील. पण टेरिटरी फळीच्या पोटात, माणसाच्या वाटणीच्या रेघेवर येऊन थांबते का, आणि माणूस मेला की रेघेच्या पलीकडं जाते का, यावर ते काही बोलले नाहीत. मांत्रिक वगैरेंचे पत्ते कृपया पाठवू नका, मी जाणार नाही. खारी माझ्याकडं का आल्या आणि दादा गेल्यावर तिकडं का गेल्या, मला माहीत नाही. दादा म्हणाला होता तसं त्यांचं चुकलं होतं आणि त्यांनी नंतर ते सुधारलं, असं मानायचं तर ते मला नको आहे. मी त्याच्यावर रागावलो होतो, पण हे मी मागितलं नव्हतं.